उलटा सायफन आणि अडलेली हवा: ग्वादालाहारा, २२ एप्रिल १९९२

ग्वादालाहारा ही मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची राजधानी. १९९२ च्या ईस्टरच्या रविवारी, म्हणजे १९ एप्रिलला, आनाल्को या जुन्या दाट वस्तीतून पेट्रोलच्या वासाच्या तक्रारी येऊ लागल्या. मोरीतून वास येत होता, काही घरांत तर नळाच्या पाण्यालाही पेट्रोलचा वास होता. मंगळवारपर्यंत वास वाढला. पालिकेच्या माणसांनी गटारांत मोजणी केली, पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आढळलं, तरी वस्ती रिकामी करण्याचा आदेश निघाला नाही. बुधवारी २२ तारखेला सकाळी १० वाजून ५ मिनिटांच्या सुमाराला कालसादा इंदिपेन्देन्सिया आणि आल्दामा रस्त्याच्या कोपऱ्यावर पहिला स्फोट झाला. काही मिनिटांत गांते रस्ता उडाला आणि पुढचे काही तास स्फोट होतच राहिले. सुमारे ८ किलोमीटर रस्ते मलवाहिनीच्या रेषेवर उसवल्यासारखे उघडले. मृतांचा अधिकृत आकडा २०० च्या थोडा वर आहे, रहिवाशांच्या संघटना त्याहून बराच मोठा सांगतात. हजारो लोक बेघर झाले.

पेट्रोल गटारात कसं गेलं हा या प्रकरणाचा एक भाग. ते तिथून बाहेर का पडू शकलं नाही हा दुसरा, आणि मलनिःसारणाचं काम करणाऱ्याने जास्त वेळ द्यावा तो या दुसऱ्या भागाला. त्यासाठी आपण रोज ज्या शब्दांनी काम भागवतो ते थोडे नीट लावून घ्यावे लागतील.

मुंबईत ‘मलनिःसारण’ म्हणतात, पुण्यात ‘मैलापाणी’, आणि बोलताना सगळीकडे ‘ड्रेनेज लाईन’. ‘गटार’ हा शब्द उघड्या नालीपासून दोन मीटर व्यासाच्या बंद वाहिनीपर्यंत काहीही दाखवतो, म्हणून तक्रारवहीत तो चालतो पण नकाशावर चालत नाही. मलवाहिनी घरांचं सांडपाणी नेते, पर्जन्यवाहिनी पावसाचं, आणि एकाच नळातून दोन्ही जात असेल तर ती संयुक्त वाहिनी. ग्वादालाहाराच्या मोठ्या वाहिन्या पावसाचं पाणीही घेणाऱ्या. अशा वाहिनीचा व्यास पावसाळ्याच्या हिशोबाने ठरतो. तिथे पाऊस जूनच्या आसपास सुरू होतो, म्हणजे एप्रिलात तळाशी थोडं पाणी आणि वर रिकामी जागा. या रिकाम्या जागेला आपल्याकडे नेमका शब्द रुळलेला नाही. ‘नळ निम्मा भरून वाहतो’ असं आपण म्हणतो, उरलेला निम्मा कशाने भरलेला आहे हे कोणी विचारत नाही. इथे त्याला हवेचा गाळा म्हणू.

त्या गाळ्यातली हवा स्थिर नसते. वाहतं पाणी तिला ओढून खालच्या अंगाला नेतं. वरच्या अंगाला घरांच्या व्हेंट पाइपमधून, झाकणांच्या भोकांतून नवी हवा आत येते, खाली कुठेतरी बाहेर पडते. म्हणजे मलवाहिनी एकाच वेळी दोन गोष्टी वाहून नेते, पण आराखड्यावर लिटर प्रति सेकंद लिहिले जातात ते फक्त एकीचे. मराठीला हे अनोळखी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या जमिनीखालच्या नळाला ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवलेले होते. तो नळ पिण्याच्या पाण्याचा होता, सांडपाण्याचा नव्हे. पण बंद वाहिनीला श्वास सोडायला जागा लागते, हे त्या शब्दातच आहे.

आता सायफन. ग्वादालाहाराच्या त्रेन लिहेरोची, म्हणजे शहरी रेल्वेची, दुसरी मार्गिका भुयारी. ती १९९४ मध्ये सुरू झाली, १९९२ मध्ये काम चालू होतं. भुयाराच्या वाटेत पूर्वेकडची मुख्य मलवाहिनी आडवी आली. भुयाराचा तळ हलवता येत नव्हता, म्हणून मलवाहिनी भुयाराखालून नेली: एका बाजूला खाली उतरवली, भुयाराखालून आडवी नेली आणि पलीकडे पुन्हा वर काढली. याला उलटा सायफन म्हणतात. नावात सायफन असला तरी त्यात ओढण्याचं काम काहीच नाही. खऱ्या सायफनमध्ये पाणी उंचवट्यावरून ओढलं जातं. इथे नळ नुसता खाली झुकलेला असतो, सदोदित भरलेला, आणि वरच्या अंगाची पाणीपातळी खालच्या अंगापेक्षा थोडी उंच असते तेवढ्या दाबावर पाणी पलीकडे जातं. कालवा नाल्याखालून नेतात तो सायफन शेतकऱ्याला माहीत असतो, तत्त्व तेच.

पाण्याच्या दृष्टीने तो उत्तम चालतो, फक्त त्यात गाळ साचू द्यायचा नाही. म्हणून एका जाड नळाऐवजी किमान दोन नळ टाकतात. कमी प्रवाहाला एकच उघडा राहतो, त्यामुळे त्यातला वेग सेकंदाला साधारण १ मीटरच्या खाली जात नाही. एरवीच्या वाहिनीत ०.६ ते ०.८ मीटर वेगाला वाळू-गाळ वाहून जातो, पण सायफनमध्ये तो चढावर न्यायचा असतो, म्हणून जास्त वेग लागतो. दोन्ही टोकांना चेंबर, फळ्या सरकवायच्या खाचा, आत जाण्याआधी गाळाचा खड्डा आणि पाळीपाळीने एक नळ बंद करून जेटिंग, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने सफाई, एवढी देखभाल.

हवेच्या दृष्टीने मात्र तोच नळ म्हणजे भिंत. भुयाराखालचा भाग छतापर्यंत पाण्याने भरलेला. घराच्या नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी वास अडवतं, त्याचाच हा कित्येक मीटर खोल अवतार. वाहत्या पाण्यासोबत खाली आलेली हवा सायफनच्या तोंडाशी थांबते आणि मागे दाब धरते. इथे एक गोष्ट विसरली जाते: पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.७३ च्या आसपास. ते तरंगतं. सायफनचं तोंड पाण्याखाली असल्याने तेलकट तवंग, फेस, तरंगता कचरा वरच्या चेंबरमध्येच मागे राहतो. खालून पाणी निघून जातं. म्हणजे ग्वादालाहारात सायफनने वाफ अडवलीच, द्रव पेट्रोलचीही पलीकडे जायची वाट बिकट केली. सायफनच्या पलीकडून बघणाऱ्याला प्रवाह नेहमीसारखा दिसत राहणार, कारण पाणी कुठेच तुंबलेलं नाही. मलनिःसारणाच्या माणसाचं लक्ष जातं ते चोकअपकडे, आणि इथे चोकअप होता फक्त हवेचा.

किती पेट्रोल लागतं? हिशोब सोपा आहे आणि एकदा स्वतः करून पाहावा. १ मीटर व्यासाची वाहिनी, निम्मी भरलेली. हवेचा गाळा दर मीटरला ०.३९ घनमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ३९० घनमीटर. हवेत पेट्रोलची वाफ १.४ टक्के झाली की मिश्रण पेटू शकतं, ही स्फोटाची खालची मर्यादा. ३९० चे १.४ टक्के म्हणजे साडेपाच घनमीटर वाफ. वाफेचा रेणुभार ७० च्या आसपास धरला तर ती साधारण १६ किलो, म्हणजे २१-२२ लिटर पेट्रोल. दोन मोटरसायकलींच्या टाक्या. व्यास दुप्पट केला तर चौपट, म्हणजे नव्वदेक लिटर. इंधनाच्या मुख्य नळाला पडलेलं भोक बोटाएवढं असलं तरी एवढं पेट्रोल फार वेळ लावत नाही. अर्थात वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही. कुठे १ टक्का, कुठे १०, आणि अधलीमधली प्रत्येक जागा ठिणगीची वाट पाहणारी.

पेट्रोल आलं कुठून याचा तपास आधी भलतीकडे वळला होता. सरकारी तेलकंपनी पेमेक्सने सुरुवातीला जवळच्या एका खाद्यतेल कारखान्याकडे बोट दाखवलं: त्यांनी हेक्सेन गटारात सोडलं असेल. हे अगदीच हवेतलं नव्हतं. सोयाबीनमधून तेल काढायला हेक्सेन वापरतात, आणि अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे तसंच हेक्सेन गटारात जाऊन तीनेक किलोमीटर रस्ते उडाले होते. तिथे कोणी दगावलं नाही. ग्वादालाहारात मात्र पुढे सालामान्काहून येणाऱ्या पेमेक्सच्याच पोलादी पेट्रोलवाहिनीला भोक सापडलं. तिच्या फार जवळून, जवळजवळ टेकवून, जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा नळ नंतर टाकलेला होता. ओलसर मातीत दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन गंज चढला.

इथे वाचणारा विचारेल, जस्त तर पोलादाला वाचवतं ना? वाचवतं, पण जस्त शिल्लक असेपर्यंत. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजायचा. तो झिजून खालचं लोखंड उघडं पडलं की गणित बदलतं. शिवाय पेट्रोलवाहिनीवर बाहेरून डांबरी लेप असतो. लेप जिथे सुटलेला किंवा खरचटलेला असतो तिथेच सगळा प्रवाह एकवटतो. मोठ्या पृष्ठभागाचा गंज एका नखाएवढ्या जागेतून निघतो आणि भिंत आरपार जाते. लेप नसलेला नळ सगळीकडे थोडा थोडा गंजतो, लेप असलेला एका ठिकाणी भोक पाडून घेतो. म्हणून दोन वाहिन्या एकमेकींना छेदतात तिथे नुसतं ‘अंतर ठेवा’ लिहून भागत नाही. मध्ये विद्युतरोधक फळी, छेदाच्या दोन्ही बाजूंना लेपाची विद्युत तपासणी आणि ऋणाग्र संरक्षणाचं (बारीक विद्युतप्रवाह देऊन नळाचा गंज रोखण्याच्या व्यवस्थेचं) मोजमाप करायचा खांब, असं तिन्ही लागतं. नळाच्या पाण्याला पेट्रोलचा वास येत होता, ती खरं तर हातात आलेली खूण होती: पाण्याचा नळही त्याच जागी खाल्लेला असला पाहिजे.

भोकातून सांडलेलं पेट्रोल मातीतून मलवाहिनीत कसं गेलं, यात आश्चर्य काही नाही. मलवाहिनीच्या चरात भोवती खडी-वाळू भरलेली असते, आणि मूळ मातीपेक्षा ती कितीतरी सहज पाणी वाहू देते. चर म्हणजे वाहिनीच्या बाहेरून जाणारी दुसरी वाहिनीच. तिथून सांध्यांमधून, तडकलेल्या घरजोडणीतून ते आत शिरतं. आपण ‘गळती’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. आतलं बाहेर जातं ती गळती, बाहेरचं आत येतं ती झिरप. पावसाळ्यात मलजल प्रक्रिया केंद्रावर येणारा जादा प्रवाह पुष्कळदा झिरपेचा असतो आणि अभियंता वैतागतो तो फक्त पंपाच्या विजेच्या बिलामुळे. जिथून भूजल आत येतं तिथून पेट्रोलही येतं.

आता ती मोजणी, जी झाली पण कामी आली नाही. गटारात उतरण्याआधी चार वायूंचा मीटर लावतात: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. ज्वलनशील वायूचा आकडा टक्क्यांत येतो, पण ते टक्के हवेचे नव्हेत, खालच्या स्फोटमर्यादेचे. मीटर १०० दाखवतो तेव्हा हवेत पेट्रोलची वाफ १.४ टक्के असते. ‘दहा टक्केच आहे’ असं कोणी म्हणालं तर तो आकडा कशाचा हे आधी विचारावं, कारण १० हीच माणूस बाहेर काढायची पातळी आहे. दुसरं, नेहमीचा मीटर मिथेनवर जुळवलेला असतो. पेट्रोलच्या जड वाफेला तो खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास दाखवतो. तिसरी खोच सगळ्यात वाईट. मीटरमधला तापलेला संवेदक मणी वाफ जाळून मोजतो, जाळायला ऑक्सिजन लागतो. वाफ फार दाट झाली, ७.६ टक्क्यांच्या वर गेली, की मणी गुदमरतो, काटा उसळी मारून खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं निवळलं. म्हणून ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायचा. तो १९.५ च्या खाली असेल तर बाकीच्या आकड्यांवर विसंबायचं नाही.

नळी कुठे सोडायची हेही ठरलेलं असतं. मिथेन हलका, झाकणाखाली सापडतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड. पेट्रोलची वाफ दुपटीहून अधिक जड, ती पाण्याच्या पृष्ठभागावर पसरते. झाकण किलकिलं करून वरच्या वर नळी फिरवली तर ती दिसणारच नाही. झाकणाखाली, मध्यावर आणि पाण्यापासून वीतभर वर, असे तीन नमुने, आणि प्रत्येक ठिकाणी नळीच्या लांबीप्रमाणे थांबून. बाहेरून, दोरीला नळी बांधून. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानंतर संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं ही पद्धत राहू शकत नाही, आणि २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मॅनहोल’ऐवजी ‘मशीन-होल’ अशी भाषा आली. शब्द बदलला, झाकणं मात्र बरीचशी तीच आहेत, माणसाच्या खांद्याच्या मापाची.

वास येतोय म्हणून सगळी झाकणं उघडली तर? अशा वेळी सुचणारा पहिला उपाय हाच. जिथे वाफ मर्यादेच्या खाली आहे तिथे तो चालेल. जिथे ती वरच्या मर्यादेच्याही वर, म्हणजे पेटायलाही दाट आहे, तिथे उघडं झाकण बाहेरची हवा आत घेतं आणि मिश्रण नेमकं पेटण्याच्या पट्ट्यात आणून ठेवतं. शिवाय जड वाफ झाकणातून वर उठत नाही, ती भरून सांडते, रस्त्यावर घोट्याएवढ्या उंचीवर पसरते आणि पहिल्या मोटारीच्या इंजिनाशी जाऊन भिडते. पाण्याचा मारा करून धुऊन काढणं हा दुसरा सहज सुचणारा उपाय. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही. पाणी त्याला तरंगवत सायफनच्या तोंडाशी नेऊन गोळा करतं.

कामाचा क्रम वेगळा आहे. पहिल्या तासात परिसरातल्या इंधनवाहिन्यांचे पंप बंद आणि दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, गळती कोणाची हे ठरण्याची वाट न बघता. मग वस्ती रिकामी करायची ती तक्रारींच्या पत्त्यांवरून नव्हे, मलवाहिनीच्या नकाशावरून. सायफनपासून वरच्या अंगाला त्या वाहिनीला जोडलेलं प्रत्येक घर, वास येवो न येवो. अडलेली हवा मागे दाब धरते तेव्हा तिला सुटायला घरांचे ट्रॅप असतात. ५० मिलिमीटरचा सील साधारण ५०० पास्कलला हार खातो, आणि बंद घरातला नहाणी ट्रॅप काही आठवड्यांत तसाही सुकलेला असतो. सुकलेल्या ट्रॅपवर कोणाचीही तक्रार येत नाही, कारण घरात कोणी नसतं. त्या पट्ट्यातला वीजपुरवठा दूरच्या उपकेंद्रातून तोडायचा, घराघरातले बटण दाबून नव्हे. त्यानंतर पंखे: ज्वालारोधक, म्हणजे आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारे, आणि ताजी हवा आत ढकलणारे. वाफ ओढून मोटरीतून नेणारा पंखा लावायचा नाही. आणि सायफनच्या वरच्या चेंबरमधला तवंग हवेवर चालणाऱ्या पंपाने उपसायचा, तोही भू-जोडणी केलेल्या टाकीत.

ग्वादालाहारानंतर अधिकाऱ्यांवर खटले भरले गेले, राज्यपालांना पद सोडावं लागलं. पण सायफनचा दोष कोणा एकाच्या बेपर्वाईत शोधून पुरत नाही, कारण पाण्याच्या गणितात तो बरोबरच होता. भुयारी मेट्रोसाठी वाहिन्या वळवण्याचं काम मुंबई-पुण्यातही होत आलं आहे. वळवलेल्या मलवाहिनीच्या नकाशात इन्व्हर्ट पातळी (नळाच्या आतल्या तळाची पातळी), ढाळ आणि व्यास तपासले जातात. त्यात चौथा प्रश्न घालावा लागतो: वरच्या चेंबरमधली हवा पुढे कुठून जाणार?

याचं उत्तर म्हणून हवेचा जोडनळ टाकतात, ठेकेदारांच्या भाषेत एअर जंपर. सायफनच्या दोन्ही चेंबरना छताजवळून जोडणारा स्वतंत्र नळ, व्यास सायफनच्या निम्म्यापर्यंत. पाणी खालून जातं, हवा या नळाने. भुयार उथळ असेल आणि त्याच्या छतावरून जायला जागाच नसेल तर जोडनळही सायफनच्या नळांसोबत खालून न्यावा लागतो, किंवा वरच्या चेंबरला उंच व्हेंट खांब आणि वास शोषणारा गाळण-पंखा लावावा लागतो. खांब स्वस्त आणि लोकांना नकोसा, पंखा महाग आणि विजेवर अवलंबून. जागा मिळाली तर जोडनळच बरा.

तो टाकताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. मलवाहिनीतली हवा बाष्पाने भरलेली असते. थंड नळात तिचं दव धरतं आणि थेंबाथेंबाने साठतं. म्हणून जोडनळाला एका चेंबरकडे सलग ढाळ हवा. खालून न्यावा लागला तर सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याची कुंडी हवी आणि ती उपसल्याची नोंद हवी. एरवी महिन्याभरात त्या बाकात पाणी भरतं, आणि हवेसाठी टाकलेला नळ स्वतःच एक छोटा उलटा सायफन होऊन बसतो. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते दोन्ही चेंबरच्या हवेचा दाब मोजल्यावर, पाण्याच्या साध्या यू-नळीने, झाकणाच्या भोकातून रबरी नळी सोडून. दोन्हीकडचं पाणी समपातळीत असेल तर वाट मोकळी आहे.